स्ट्रीक चालू आहे, पण शिकणं चालू आहे का? खेळवजा अ‍ॅपची सेटिंग, आकडे आणि चुका

मेतकूट (धागाकर्ती)

भाषा असो, टायपिंग असो की गणित, काहीही शिकायला घेतलं की हल्ली सोबत गुण, बिल्ले, लीग (गुणांवरची साप्ताहिक स्पर्धा) आणि स्ट्रीक (सलग किती दिवस केलं याचा आकडा) आलेच. त्यांचा फायदा होतो. सुरुवातीच्या पंधरा दिवसांत पुस्तक बाजूला पडतं, पण आकडा तुटू नये म्हणून अ‍ॅप रोज उघडलं जातं. खरी अडचण पुढे येते. स्ट्रीक २०० दिवसांची असते आणि "दोन तिकिटं द्या" एवढं वाक्यही त्या भाषेत धड जुळवता येत नाही.

याचं कारण साधं आहे. आकडा ज्याला लावाल तेच वाढतं. स्ट्रीक हजेरी मोजते, म्हणून हजेरी वाढते. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपमधला एक्सपी, म्हणजे गुणांचा आकडा, केलेले धडे मोजतो, म्हणून लोक रविवारी रात्री पाठ झालेले सोपे धडे परत परत करून गुण गोळा करतात. आकडा "न बघता आठवलं का" याला लावला, तर आठवणं वाढेल.

तर या धाग्यावर प्रत्येक साधनात तो आकडा नेमका कुठे आणि कसा लावायचा ते लिहूया. सेटिंग, संख्या, कुठे बिघडतं आणि का. "मी कसा शिकलो" हे दुसऱ्या धाग्यावर लिहा, इथे ते शोधत बसावं लागू नये.

घाटवाट

स्ट्रीकबद्दल दोन गोष्टी आधी नोंदवतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत होणार नाही.

पहिली. गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर प्रोफाइलमध्ये सलग किती दिवस काम केलं याचा आकडा दिसायचा. २०१६ च्या मे महिन्यात त्यांनी तो काढून टाकला. नंतर संशोधकांनी आधीची आणि नंतरची नोंद ताडून पाहिली. शनिवार-रविवारचं काम कमी झालं होतं आणि लांबच लांब स्ट्रीक मध्येच सोडून दिल्या गेल्या होत्या. म्हणजे लोक सुट्टीच्या दिवशी जे काम करत होते, त्यातलं काही निव्वळ आकड्यासाठी होतं.

दुसरी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक १८ ते २५४ दिवस एवढी तफावत होती. आपल्या कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

स्ट्रीकचा हिशेब याच्या बरोबर उलटा चालतो. एक दिवस चुकला की २०० चा शून्य. मग माणूस म्हणतो "गेलंच सगळं" आणि आठवडाभर फिरकत नाही. नुकसान होतं ते या आठवड्यामुळे. म्हणून ज्या साधनात स्ट्रीक फ्रीझ (एखादा दिवस चुकला तरी आकडा टिकवणारी सोय) आहे तिथे तो आधीच लावून ठेवा. आणि जिथे जमेल तिथे "सलग किती" ऐवजी "या महिन्यात ३० पैकी किती" असं मोजा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत फुली मारली तरी हे काम होतं. २५ फुल्या दिसत असताना पाच मोकळ्या चौकटी कोणाला खचवत नाहीत.

सोनचाफा

जर्मनची ए-१ (अगदी सुरुवातीच्या पातळीची) परीक्षा तीन महिन्यांवर आहे असं धरा. रोज पाऊण तास. ड्युओलिंगोच्या लीगमध्ये वर राहिलं तर तेवढ्यावर भागेल का? नसेल तर काय जोडावं?

पाटीपेन्सिल

सोनचाफा, तेवढ्यावर भागणार नाही. कारण परीक्षेच्या रचनेतच आहे. गोएथे संस्थेच्या ए-१ ला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि १०० पैकी ६० गुण लागतात. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि साधारण ३० शब्दांचा निरोप लिहायचा. बोलण्यात पहिलं काम स्वतःची ओळख: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. शिवाय नावाचं स्पेलिंग आणि एखादा आकडा सांगायला लावतात. पर्यायांतून शब्द टिचकवण्याच्या सरावाने यातलं वाचणं सुधारेल, थोडंफार ऐकणंही. बोलणं सुधारणार नाही.

पाऊण तासाची वाटणी अशी करा: २५ ते ३० मिनिटं अंकी (प्रश्न-उत्तरांची कार्डं ठरावीक दिवसांनी परत विचारणारं अ‍ॅप), १० मिनिटं मोठ्याने बोलणं, उरलेला वेळ ड्युओलिंगो. ड्युओलिंगो शेवटी ठेवा. तो सोपा आणि गोड भाग आहे. आधी घेतला तर पाऊण तास तिथेच संपतो.

आता अंकीचा हिशेब. ए-१ ची अधिकृत शब्दयादी साधारण ६५० शब्दांची आहे. रोज १० शब्द घेतले तर ६५ दिवसांत संपते. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, म्हणजे शेवटचे १९ दिवस नवीन काही न घेता निव्वळ उजळणीला मिळतात. इथे एक चूक हमखास होते. प्रत्येक शब्दाची कार्डं दोन्ही दिशांनी हवीत, मराठीतून जर्मन आणि जर्मनमधून मराठी. म्हणजे १० शब्द = २० कार्डं. मर्यादा रोज १० नवीन कार्डांची ठेवली तर रोज पाचच शब्द होतात आणि यादी १३० दिवस चालते. म्हणून मर्यादा २० ठेवा (मुळात तेवढीच असते) आणि डेकच्या (कार्डांच्या गठ्ठ्याच्या) पर्यायांत नवीन भावंडं, म्हणजे त्याच शब्दाची दुसरी कार्डं, पुढच्या दिवसावर ढकलण्याची खूण लावा. नाहीतर एका शब्दाची दोन्ही कार्डं एकाच बैठकीत येतात आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावरून कळतं.

रोज २० नवीन कार्डं घेतली की काही आठवड्यांत उजळणी दीडशे-दोनशेच्या घरात जाते. एका कार्डाला ८ सेकंद धरले तर २०० कार्डं २७ मिनिटांत होतात. वेळ याहून जास्त लागत असेल तर कार्डात मजकूर जास्त कोंबलेला आहे. एका कार्डावर एकच प्रश्न.

आता लिंग. मराठी माणसाला इथे फायदा आहे आणि खड्डाही. आपल्याकडे तिन्ही लिंगं आहेत, म्हणून नपुंसकलिंग ही कल्पना आपल्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही. "ते मूल" तसंच "दास किंट". पण म्हणूनच डोकं आपल्या लिंगावर विसंबून राहतं. जेवणाच्या टेबलावरच्या तीन वस्तू बघा:

तो चमचा, डेर ल्योफल. जुळलं.
तो काटा, पण डी गाबल. स्त्रीलिंग.
ती सुरी, पण दास मेसर. नपुंसक.

तो सूर्य, पण डी झोनं. तो चंद्र आणि डेर मोंट मात्र जुळतात. यादी करताना जिथे मराठी आणि जर्मन लिंग जुळत नाही त्या कार्डांना "उलट" असा टॅग लावा. चुका तिथेच साचतात. आठवड्यातून एकदा सानुकूल अभ्यासात (कस्टम स्टडी) फक्त "उलट" टॅगची कार्डं काढा. कार्डाच्या मागच्या बाजूला नुसता शब्द लिहू नका. आर्टिकल, शब्द आणि अनेकवचन अशी तिन्ही लिहा. आर्टिकल चुकलं तर उत्तर चूक. इथे सवलत घेतली तर पुढे द्वितीया-चतुर्थीचे प्रकार आले की सगळी इमारत डगमगते.

आणि बोलण्यासाठी आकडा: वर दिलेले सात मुद्दे कागद न बघता, फोनवर रेकॉर्ड करून, एका मिनिटात. सात पैकी किती न अडखळता आले तो त्या दिवसाचा गुण. हा आकडा कुठलंही अ‍ॅप देत नाही, वहीतच लिहावा लागतो.

कोरा_कागद

अंकीत गुण नाहीत, बिल्ले नाहीत. खेळवजा कसं म्हणायचं?

पाटीपेन्सिल

"आज बाकी: ०" हाच त्यातला खेळ आहे. शिवाय संगणकावर रिव्ह्यू हीटमॅप नावाचं अ‍ॅड-ऑन आहे, ते वर्षभराच्या चौकटी रंगवून दाखवतं. अँड्रॉइडवरचं अंकीड्रॉइड फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं, एसटीत रेंज गेली तरी अडत नाही. संगणकावरही फुकट. आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात.

सोनचाफा

उत्तम! एक शंका. अर्धवट आठवलं तर "कठीण" दाबायचं ना?

पाटीपेन्सिल

नाही, आणि अंकीत सगळ्यात जास्त नुकसान याच बटणाने होतं. "पुन्हा" म्हणजे आठवलं नाही. बाकी तिन्ही, म्हणजे "कठीण", "चांगलं", "सोपं", यांचा अर्थ आठवलं. न आठवलेल्या कार्डाला "कठीण" दिलं की प्रणाली धरून चालते की ते तुम्हाला येतं, आणि पुढची तारीख लांबवते. २०२३ पासून अंकीत एफएसआरएस ही नवी वेळापत्रक-पद्धत आहे, तिचा तर सगळा अंदाज या बटणांवरच बेतलेला असतो. फक्त "पुन्हा" आणि "चांगलं" एवढीच दोन बटणं वापरली तरी काहीही बिघडत नाही.

एफएसआरएस डेकच्या पर्यायांत चालू करा. अपेक्षित स्मरण ०.९० असतं, म्हणजे दहापैकी नऊ कार्डं आठवावीत असा बेत; ते तसंच राहू द्या. ०.९५ केलं की बरं वाटतं, पण रोजची उजळणी इतकी वाढते की दहा दिवसांत कंटाळा येतो. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की अंकी त्याला जळू (लीच) ठरवते आणि सेटिंग तशी असेल तर बाजूला टाकते. त्याला तसंच परत आत आणू नका. कार्ड नव्याने लिहा: चित्र घाला, वाक्यात बसवा. कार्डाची मांडणी चुकलेली असते, म्हणून ते चिकटत नाही.

टकटक

टायपिंगबद्दल लिहितो. सरकारी टंकलेखन परीक्षेची, म्हणजे मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची तयारी करणारे बरेच जण मंकीटाइप या टायपिंग चाचणीच्या संकेतस्थळावर वेग मोजत बसतात. साधन छान आहे, सेटिंग चुकीची असते.

१५ सेकंदांच्या चाचणीत आलेला विक्रम फसवा असतो. १५ सेकंद दम टिकतो, दहा मिनिटं टिकत नाही. वेळ १२० सेकंद ठेवा. विरामचिन्हं आणि अंक चालू करा. मुळात नुसते नेहमीचे, छोटे शब्द येतात आणि परीक्षेच्या उताऱ्यात स्वल्पविराम, कंस, तारखा सगळं असतं. किमान अचूकतेची सेटिंग आहे, ती ९६ टक्क्यांवर ठेवा. त्याखाली गेलात की चाचणी बाद होते. म्हणजे विक्रम करायचा तर आधी अचूक मारावं लागतं. मेतकूट म्हणाल्या तसं, आकडा योग्य जागी लागतो.

बोटं अजून कुठे ठेवायची हेच कळत नसेल तर आधी कीबीआर हे सरावाचं संकेतस्थळ. ते थोड्या अक्षरांपासून सुरू होतं आणि त्या अक्षरांवर ठरलेला वेग आला की पुढचं अक्षर उघडतं. लोक वैतागून सगळी अक्षरं एकदम उघडतात, तिथेच त्यातला अर्थ संपतो. एखाद्या अक्षरावर चार दिवस अडकलात तर अडकू द्या, ते बोट कच्चं आहे.

मराठीसाठी आधी लेआउट, म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या कळीवर, ते नक्की करा, इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन. तुमच्या परीक्षेला कोणता लागतो ते संस्थेत विचारूनच सुरुवात करा. दोन्हींत ऱ्हस्व वेलांटीचा क्रमच वेगळा आहे: रेमिंग्टनमध्ये ती अक्षराआधी मारतात, इनस्क्रिप्टमध्ये अक्षरानंतर. एकदा बोटांना एक सवय लागली की दुसरी लावायला दुप्पट वेळ जातो.

इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला. म, न, व ही मात्र डाव्या हाताच्या खालच्या ओळीत. आता "शिक्षण" हा एक शब्द बोटांखाली बघा. श = शिफ्ट आणि एम. ि = एफ. क = के. हलन्त = डी. ष = शिफ्ट आणि स्वल्पविराम. ण = शिफ्ट आणि सी. सहा कळा, त्यात तीन वेळा शिफ्ट. एम आणि स्वल्पविराम उजव्या हाताचे, म्हणून शिफ्ट डावी. सी डाव्या हाताची, म्हणून शिफ्ट उजवी. बहुतेक जण तिन्ही वेळा डावीच शिफ्ट दाबतात. ण ला डावा हात आखडतो, शिफ्ट अर्धवट दाबली जाते आणि "शिक्षम" उमटतं. असे शिफ्टबहुल शब्द वेगळे काढा: शिक्षण, कारण, क्षण, विशेष, भाषण, आरक्षण. मंकीटाइपमध्ये स्वतःचा मजकूर घालता येतो, तिथे हे शब्द उलटसुलट क्रमाने ५० वेळा चिकटवा आणि तोच दिवसाचा सराव करा. वेगाकडे दहा दिवस बघू नका.

मेतकूट

टकटक, किमान अचूकता ९६ एकदम नवख्याला झेपेल का?

टकटक

पहिले दोन आठवडे ९२, मग ९४, मग ९६. ९६ वरच सुरुवात केली तर दर चाचणी बाद होते आणि माणूस ती सेटिंगच बंद करून टाकतो.

डबलबेल

हॅबिटिकावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हे शिकवणारं अ‍ॅप नाही, कामांच्या यादीवर चढवलेला खेळ आहे. २०१३ मध्ये हॅबिटआरपीजी नावाने आलं. तुमच्या पात्राला ५० प्राण असतात. रोजचं काम चुकलं की प्राण घटतात, केलं की अनुभव आणि सोनं मिळतं. प्राण संपले तर एक पातळी, सगळं सोनं आणि एखादी वस्तू जाते.

नवीन माणूस पहिल्याच दिवशी "रोजची" या रकान्यात १५ कामं टाकतो. पाणी पिणं, चालणं, जर्मन, टायपिंग, ध्यान, वाचन. त्यातली नऊ चुकतात, आठवड्याच्या आत पात्र मरतं, अ‍ॅप काढून टाकलं जातं. तीनच टाका. आणि प्रत्येक काम असं लिहा की झालं की नाही याबद्दल वाद घालताच येणार नाही. "जर्मनचा अभ्यास" असं लिहू नका. "अंकीत बाकी शून्य" लिहा.

कामाच्या आत उपयादी टाकता येते, ती जरूर टाका. चारपैकी तीन बाबी झाल्या तर नुकसान त्या प्रमाणात कमी होतं. घाटवाटांनी सांगितलेली सगळं-किंवा-शून्य ही अडचण इथे बरीचशी सुटते. ज्या वारी जमणारच नाही तो वार कामाच्या वेळापत्रकातून काढा. रात्री बारानंतर अभ्यास संपत असेल तर दिवस बदलण्याची वेळ पहाटे ३ किंवा ४ करा, नाहीतर रात्री साडेबाराला केलेलं काम दुसऱ्या दिवसात मोजलं जातं आणि आदल्या दिवसाचा फटका बसतो.

सोन्याची बक्षिसं स्वतः ठरवता येतात: मालिकेचा एक भाग, बाहेरची मिसळ. किंमत पहिल्याच दिवशी ठरवू नका. आठवडाभर सोनं किती जमतं ते बघा आणि त्याच्या साधारण निम्मी ठेवा, म्हणजे आठवड्याला दोनदा घेता येईल.

गट करून राक्षसाशी लढाई घेतली तर तुमचं काम चुकलं की गटातल्या सगळ्यांना मार बसतो. चार ओळखीच्या माणसांत हे फार छान चालतं. अनोळखी गटात लोक लाजेखातर न केलेल्या कामावर बरोबरची खूण करतात. खूण खरी आहे की नाही हे हॅबिटिका तपासू शकत नाही, म्हणून गट ओळखीचाच हवा.

कोरा_कागद

लीगवर सगळेच तुटून पडलेत, पण स्पर्धेशिवाय हलत नाहीत अशीही माणसं असतात.

घाटवाट

असतात, आणि त्यांनी लीग ठेवावी. ड्युओलिंगोत ब्राँझपासून डायमंडपर्यंत दहा लीग आहेत, दर आठवड्याला तीसेक जणांचा गट आणि वरचे काही पुढे सरकतात. एवढंच बघा: आठवड्यातले गुण नवीन धड्यांतून आले की जुने उगाळून? जुन्याचे जास्त निघाले तर लीग तुम्हाला मागे खेचते आहे. मग सेटिंगमधून प्रोफाइल खाजगी करा, लीग आपोआप बंद होते. धडे आणि स्ट्रीक जशीच्या तशी राहतात.

सोनचाफा

आणि मुलांसाठी? पाचवी-सहावीच्या मुलांना गणितासाठी खान अ‍ॅकॅडमी (व्हिडिओ आणि सरावाचं संकेतस्थळ) लावून दिली तर "इतके गुण झाले की सायकल" असं ठरवावं का?

पाटीपेन्सिल

कृपा करून नको. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्र काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता बक्षीस दिलं त्यांच्यात ही घट नव्हती. सायकल द्यायची असेल तर द्या, गुणांना बांधू नका.

खान अ‍ॅकॅडमीत ऊर्जागुण बघू नका, ते व्हिडिओ चालू ठेवूनही वाढतात. प्रत्येक कौशल्यासमोरचा प्रभुत्वाचा टप्पा बघा. सरावात सगळं बरोबर आलं तरी मूल वरून दुसऱ्याच टप्प्यावर असतं; सगळ्यात वरचा टप्पा घटक चाचणीत किंवा आव्हान परीक्षेत, इतर प्रश्नांत मिसळून आलेला प्रश्न सोडवला तरच मिळतो. अपूर्णांकांची बेरीज त्या धड्यातच बरोबर येणं वेगळं, आणि दशांश, गुणोत्तराच्या प्रश्नांमध्ये ती ओळखून करणं वेगळं. मुलाला विचारायचा प्रश्न "किती गुण झाले" हा नाही. "आज कुठलं खाली घसरलं आणि कशात चुकलं?" हे विचारा.

सोनचाफा

शेवटचं. गणपतीत आठ दिवस गावी गेल्यावर अंकीत १,००० च्या वर कार्डं साचतात. तेव्हा काय करायचं?

पाटीपेन्सिल

नवीन कार्डांची मर्यादा ० करा. उजळणीची मर्यादा २०० असते, तेवढीच ठेवा. आणि उजळणीचा क्रम सापेक्ष उशिरावरून (कार्डाच्या मुदतीच्या मानाने किती उशीर झाला यावरून) न लावता आठवण्याची शक्यता जास्त असलेली कार्डं आधी येतील असा लावा. टिकलेलं आधी वाचवायचं. जे विसरलंच आहे ते आणखी तीन दिवसांनी आलं तरी तेवढंच विसरलेलं असतं. रोज नवी उजळणीही येत राहते, त्यामुळे ढीग पाच दिवसांत संपेल असं धरू नका, दहा-बारा दिवस लागतात. बाकी ५० च्या खाली आली की नवीन कार्डं आधी १०, मग २०.

जायच्या आधीच माहीत असेल तर आणखी सोपं: निघण्याच्या दहा दिवस आधीपासून नवीन कार्डं बंद ठेवा. ढीग निम्म्याच्या आसपास राहतो.

डबलबेल

आणि हॅबिटिकात निघण्याच्या आदल्या रात्री सेटिंगमधून नुकसान थांबवून ठेवा. गटाची लढाई चालू असेल तर बाकीच्यांना तसं कळवा, त्यांचं काम चुकलं तर राक्षसाचा मार तुम्हालाही बसतो, आणि तुमचा हल्ला मात्र तोवर मोजला जात नाही.